वृद्ध आईवडिलांसाठी न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याची प्रक्रिया: सातारा जिल्ह्यातील कुटुंबांसाठी माहिती

थोरला मुलगा मुंबईला, धाकटा गावी शेतीवर आणि मुलगी कराडला दिलेली, अशी कुटुंबे कोरेगाव किंवा पाटण तालुक्यात जागोजागी आहेत. वडील पक्षाघातानंतर शुद्धीवर आले नाहीत, किंवा आईचा स्मृतिभ्रंश इतका वाढला की समोरचा कागद कशाचा हेही तिला उमजेना, म्हणजे बँकेतली ठेव मोडण्यापासून जमिनीच्या कागदापर्यंत सगळे अडते, आणि नेमक्या त्याच वेळी व्यवहार कोणी पाहायचे यावरून भावंडांत वाद उभा राहतो. पत्नी किंवा मुलगा असल्यामुळे सज्ञान माणसाच्या मिळकतीचे पालकत्व कोणाकडे आपोआप येत नाही. त्यासाठी सक्षम न्यायालयाचा आदेश लागतो.

तब्येत चांगली असताना करून ठेवलेले कुलमुखत्यारपत्र अशा वेळी उपयोगी पडेल, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 201 नुसार ते करून देणारी व्यक्ती मनोविकल झाली की मुखत्याराचा अधिकार संपतो, आणि त्यानंतर त्याच पत्रावर केलेले खरेदीखत पुढे वादात सापडते.

अर्ज कोठे करावा

वृद्धांच्या पालकत्वासाठी आपल्याकडे स्वतंत्र असा एक कायदा नाही, आणि बहुतेक कुटुंबांचा वेळ येथेच वाया जातो. पालक व पाल्य अधिनियम, 1890 हा अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेल्या, मुलांसाठी आहे. मानसिक आरोग्य अधिनियम, 1987 मध्ये चौकशी करून व्यक्तीसाठी पालक आणि मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती; त्याच्या जागी आलेल्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात ती राहिली नाही. नव्या कायद्याच्या कलम 14 प्रमाणे साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून प्रतिनिधी नेमता येतो, पण त्या प्रतिनिधीचा अधिकार मानसिक आजाराच्या उपचारांपुरता असतो, जमिनीवर किंवा बँक खात्यावर चालत नाही.

त्यामुळे व्यक्ती कोमात किंवा तशाच अवस्थेत असेल, तर संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. 2020 साली मुंबई उच्च न्यायालयाने अशाच अवस्थेतील पतीसाठी पत्नीला पालक नेमले होते. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून सातारा जिल्हा त्याच्या कक्षेत येतो, म्हणजे आता या कामासाठी मुंबईच्या फेऱ्या घालण्याची गरज नाही. व्यक्तीला दिव्यांगत्व आहे, पण तिच्याशी थोडाफार संवाद होऊ शकतो, अशा स्थितीत दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 14 खालील मर्यादित पालकत्वाचा विचार करावा. यात त्या व्यक्तीशी विचारविनिमय करूनच निर्णय घ्यायचा असतो, आणि माझ्या मते आपले वय झालेले माणूस अजून होय-नाही सांगू शकत असेल तर हाच अधिक न्याय्य मार्ग आहे. केवळ एखाद्या चालू दाव्यात तिची बाजू मांडायची असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 32, नियम 15 प्रमाणे वादमित्र किंवा त्या दाव्यापुरता पालक पुरतो.

कागदपत्रे

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे वैद्यकीय अहवाल. आजार कोणता, कधीपासून, सुधारणेची शक्यता किती आणि व्यक्तीला कोणते निर्णय घेता येत नाहीत, हे त्यात स्पष्ट असावे. ‘तब्येत बरी नाही’ एवढ्या दाखल्याने काम भागत नाही. न्यायालय बहुधा शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून स्वतंत्र तपासणी करवून घेते. याखेरीज व्यक्तीची व अर्जदाराची ओळखपत्रे, नात्याचा पुरावा, सातबारा, आठ अ, मिळकत पत्रिका, बँकेची व निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, कर्जाचा तपशील, उपचारखर्चाची बिले आणि सर्व वारसांची नावे सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडावे. एकाही वारसाचे नाव गाळू नये. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला ‘तिला काय विचारायचे’ म्हणून वगळण्याची रीत अजून आहे. ती अन्यायाची तर आहेच, शिवाय माहिती दडवल्याचा ठपका येऊन अर्जच धोक्यात येतो.

भावंडांचा विरोध असल्यास

इतर वारसांची संमतीपत्रे असली की काम सोपे होते. विरोध असेल तर न्यायालय प्रत्यक्ष सांभाळ कोण करते, औषधपाण्याचा खर्च कोण उचलते आणि अर्जदाराचा त्या मिळकतीत स्वतःचा काही डाव आहे का, हे पाहते. वस्तुस्थितीबद्दलच मोठा वाद असेल, उदाहरणार्थ आईचा अंगठा बक्षीसपत्रावर ती भानावर असताना घेतला की नंतर, तर उच्च न्यायालय सहसा रिट याचिकेत साक्षीपुरावे घेत बसत नाही आणि पक्षकारांना दिवाणी न्यायालयात जावे लागते. म्हणून आरोपांची लांबलचक यादी देण्यापेक्षा तारखा, पावत्या आणि शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे द्यावीत. आपला हिस्सा वाचवण्यासाठी पालकत्व मागणाऱ्याने हेही समजून घ्यावे की, या अर्जाने वाटणी होत नाही; आईवडील हयात असेपर्यंत त्यांचा पैसा त्यांच्याच औषधासाठी, अन्नासाठी आणि निवाऱ्यासाठी आहे.

वृद्ध व्यक्ती भानावर असून मुले सांभाळत नसतील, तर पालकत्वाचा अर्ज करूच नये. 60 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणासाठीच्या 2007 च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे निर्वाह खर्च मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, कलम 23 प्रमाणे रद्द करून घेता येते. मात्र ती अट बक्षीसपत्रातच लिहून घेणे शहाणपणाचे. मोफत वकील हवा असल्यास महिला, दिव्यांग आणि कमी उत्पन्नाच्या व्यक्तींनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

आदेश मिळाल्यावर

आदेशात दिलेले अधिकार तेवढेच वापरावेत आणि जमीन विकायची असेल तर आधी न्यायालयाची परवानगी आहे का, ते तपासावे. प्रत्येक खर्चाची पावती जपावी, कारण ठरावीक मुदतीने हिशेब सादर करण्याची अट घातली जाऊ शकते आणि गैरवापर दिसल्यास पालक बदलला जातो. त्या व्यक्तीच्या मृत्यूबरोबर पालकाचा अधिकार संपतो. त्यानंतर त्याच आदेशावर खात्यातून रक्कम काढू नये, पुढचे व्यवहार वारसनोंदीने किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्रानेच करावेत.