जिवाणू मारायचा तर त्याला चिकटावंच लागतं

टायटॅनियम डायऑक्साइडच्या भुकटीवर अतिनील प्रकाश पाडून पाण्यातले जिवाणू मारता येतात. भिंतीच्या पांढऱ्या रंगातही टायटॅनियम डायऑक्साइड असतं. मात्र ती भुकटी इथे कामाची नाही. रंग उन्हात खडूसारखा सुटू नये म्हणून तिच्या कणांवर मुद्दाम सिलिका किंवा ॲल्युमिनाचा थर चढवलेला असतो. पाण्यासाठी हवा त्याचा ॲनाटेज हा स्फटिक प्रकार, उघड्या पृष्ठभागाचा. ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन उसळतो आणि मागे 'होल', म्हणजे त्याची रिकामी जागा, उरतो. होल पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल (OH हा अतिक्रियाशील तुकडा) बनवतो. इलेक्ट्रॉन विरघळलेल्या ऑक्सिजनला चिकटतो. ऑक्सिजन नसेल तर इलेक्ट्रॉन आणि होल पुन्हा एकत्र येतात आणि सगळा उजेड फुकट जातो. म्हणून पाणी सतत ढवळायचं.

हायड्रॉक्सिल रॅडिकल भयंकर आक्रमक, पण आयुष्य नॅनोसेकंदांचं आणि धाव जेमतेम काही नॅनोमीटरची. ई. कोलाय जिवाणू साधारण २,००० नॅनोमीटर लांब. म्हणजे कण त्याच्या अंगाला भिडलाच पाहिजे, तरच त्याच्या पेशीपटलातली मेदद्रव्यं जळतात. त्यात पाण्याचा सामू (pH) साधारण ६.५ च्या वर गेला की कणावर ऋण प्रभार येतो. जिवाणूही ऋणच, मग दोघं एकमेकांना दूर ढकलतात.

प्रयोगशाळेत लिटरला अर्धा ग्रॅम भुकटीपासून सुरुवात करावी. जास्त टाकली तर पाणी दुधाळ होतं आणि वरचे कण खालच्यांवर सावली धरतात. पाण्याची खोली दोन-तीन सेंटीमीटरच ठेवावी, दिवा ३६५ नॅनोमीटरचा. हमखास होणारी चूक वेगळीच: जिवाणू ज्या ब्रॉथमध्ये (पोषक द्रवात) वाढवले तो न धुता तसाच ओततात. रॅडिकल आधी त्या प्रथिनांवर खर्ची पडतात आणि जिवाणू मजेत राहतात. सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून तळाशी बसवून) जिवाणू दोन-तीनदा धुवून घ्यावेत. सोबत दोन भांडी तुलनेसाठी हवीतच: एकात भुकटी पण अंधार, दुसऱ्यात उजेड पण भुकटी नाही. नुसत्या अतिनील किरणांनीही जिवाणू मरतात, आणि श्रेय भुकटीला जातं.

एवढे बारीक कण नंतर गाळून काढणं जिकिरीचं, म्हणून काचेवर लेप देतात आणि ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला भाजतात. इथे साधी काच दगा देते. तापताना तिच्यातलं सोडियम लेपात झिरपतं आणि लेप मंदावतो. बोरोसिलिकेट काच (उष्णता सोसणारी प्रयोगशाळेची काच) घ्यावी, नाहीतर आधी सिलिकाचा थर द्यावा. लेपामुळे गाळण्याची कटकट संपते, पण कण आणि जिवाणू यांच्या भेटीगाठी घटतात. मग पाणी पातळ थरात, पुन्हापुन्हा त्यावरून फिरवावं लागतं.

नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात वेग आणखी पडतो, कारण पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट क्षार आणि कुजलेल्या पाल्याचे अंश रॅडिकल गिळतात. शिवाय क्लोरीन पाण्यात उरून पुढेही राखण करतं, तसं इथे मागे काहीच उरत नाही. अर्धमेले जिवाणू अंधारात सावरतात. त्यामुळे जिवाणूंच्या वसाहती (पोषक माध्यमावर उगवणारे ठिपके) लगेच मोजून थांबू नये. तेच पाणी २४ तास अंधारात ठेवून पुन्हा मोजावं.