१९६८चा नकार आणि सेर्रात यांच्या दोन भाषा

स्पेनचे गायक-गीतकार जोआन मानुएल सेर्रात यांनी २३ डिसेंबर २०२२ रोजी बार्सिलोनात अखेरचा जाहीर कार्यक्रम केला आणि २०२४ साली त्यांना स्पेनचा सर्वांत मानाचा कलापुरस्कार मिळाला. या दोन्ही प्रसंगी त्यांच्यावर जे लिहिले गेले त्यात एक वाक्य हमखास आढळते: १९६८ साली त्यांनी युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गीतस्पर्धेत स्पॅनिशमध्ये गाण्यास नकार दिला. हे वाक्य इतके आटोपशीर झाले आहे की ते वाचणाऱ्याला सेर्रात हे केवळ कातालानचे, म्हणजे बार्सिलोना ज्यात येते त्या कातालोनियाच्या भाषेचे, गायक वाटावेत. प्रत्यक्षात त्यांची सर्वाधिक गाजलेली गाणी स्पॅनिशमधली आहेत, आणि त्यांतली बहुतेक त्या नकारानंतरची आहेत.

घरापासून सुरुवात केली तर हा पेच थोडा सुटतो. सेर्रात यांचा जन्म २७ डिसेंबर १९४३चा, बार्सिलोनाच्या पोब्ले-सेक या कामगारवस्तीतला. वडील कातालान, स्पेनच्या यादवी युद्धात (१९३६-३९) हरलेल्या बाजूचे आणि अराजकवादी कामगार चळवळीशी जोडलेले. आई आरागॉन प्रांतातल्या बेल्चिते गावची. हे गाव १९३७च्या लढाईत जमीनदोस्त झाले आणि त्याचे अवशेष आजही तसेच उभे आहेत. वडिलांची भाषा कातालान आणि आईची स्पॅनिश, असे हे घर होते. सेर्रात यांच्या सुरुवातीच्या गाण्यांत आईला उद्देशून रचलेली एक कातालान अंगाई आहे. तिच्या मध्येच आईच्या मुलखातले एक लोकगीत तिच्याच भाषेत येते: सकाळी दव, दुपारी ऊन, संध्याकाळी डास, मला नाही व्हायचे शेतकरी. ते गाणारा मुलगा शेतकीचीच पदविका घेऊन बाहेर पडला होता, ही गंमत वेगळीच. त्याआधी त्याने तारागोना येथील निवासी शाळेत लेथवरचे कामही शिकून घेतले होते. सांगायचे ते एवढेच की एकाच गाण्यात दोन भाषा नांदू शकतात हे त्यांना कोणी तत्त्व म्हणून शिकवले नव्हते.

१९६५ साली बार्सिलोनातल्या एका नभोवाणी कार्यक्रमात ते प्रथम गायले आणि लवकरच ‘एल्स सेत्झे जुत्जेस’, म्हणजे ‘सोळा न्यायाधीश’, या गटात तेरावे म्हणून दाखल झाले. गटाचे नाव जीभ अडखळवणाऱ्या एका जुन्या कातालान वाक्यावरून घेतलेले. त्या वाक्यातले सोळा न्यायाधीश फाशी गेलेल्या माणसाचे यकृत खातात. यादवी युद्ध जिंकलेल्या फ्रान्कोच्या हुकूमशाही राजवटीत, १९३९नंतर, शाळा, कचेऱ्या आणि वृत्तपत्रे यांतून हद्दपार झालेल्या कातालान भाषेत गाणे हेच या मंडळींचे मुख्य काम होते. फ्रेंच धर्तीवर एक गिटार आणि स्वतःचे शब्द, एवढाच त्यांचा सरंजाम असे. अशा गायकाला स्पॅनिशमध्ये ‘कांताउतोर’ म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द नाही, कारण आपल्याकडच्या भावगीतात कवी, संगीतकार आणि गायक बहुधा तीन निरनिराळी माणसे असतात. शाहीर हा शब्द जवळ जातो, पण त्याला डफ आणि जमाव लागतो.

सेर्रात यांची पहिली दोन-तीन वर्षांतली कातालान गाणी अनपेक्षित खपली, आणि इथूनच गुंता सुरू झाला. १९६७-६८च्या सुमारास त्यांनी स्पॅनिशमध्येही ध्वनिमुद्रण करायला घेतले, तेव्हा कातालान चळवळीतल्या अनेकांना तो विश्वासघात वाटला. नेमक्या याच सुमारास सरकारी दूरचित्रवाणीने त्यांना युरोव्हिजनसाठी निवडले. राजवटीच्या दृष्टीने निवड सोयीची होती. कातालोनियातला लोकप्रिय तरुण स्पेनच्या झेंड्याखाली, स्पेनच्या अधिकृत भाषेत, साऱ्या युरोपसमोर गाणार होता. गाणे सेर्रात यांचे नव्हते. एका लोकप्रिय जोडीने ते रचले होते. त्याचे नावच ‘ला, ला, ला’ असून हा एकच स्वर त्यात १३८ वेळा येतो अशी मोजदाद अनेकदा दिली जाते. भाषेवरून एवढे रण माजावे आणि गाण्यात भाषा जेमतेमच असावी, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही.

सेर्रात यांनी ते गाणे आधी स्पॅनिशसह अनेक भाषांत ध्वनिमुद्रित केले आणि प्रसिद्धीसाठी युरोपचा दौराही केला. मग २५ मार्च १९६८ रोजी, स्पर्धेला १२ दिवस उरले असताना, गाईन तर कातालानमध्येच असे त्यांनी पत्राने जाहीर केले. सरकारने ते मानणे शक्य नव्हते. शिवाय गाणे त्या-त्या देशाच्या अधिकृत भाषेतच असावे असा स्पर्धेचा नियमही १९६६पासून लागू होता, आणि त्या वेळच्या स्पेनमध्ये कातालान अधिकृत नव्हती. म्हणजे अट घालतानाच ती पुरी होणार नाही हे उघड होते. मेक्सिकोच्या दौऱ्यावर असलेल्या मासिएल या गायिकेला तातडीने बोलावण्यात आले. तिने काही दिवसांत गाणे बसवले आणि ६ एप्रिलला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ब्रिटनच्या क्लिफ रिचर्ड यांच्यावर २९ विरुद्ध २८ अशी एका गुणाने मात केली. ही मते विकत घेतली गेली असा आरोप २००८ साली एका माहितीपटातून पुढे आला. तो सिद्ध झालेला नाही आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याला महत्त्वही नाही.

नकाराचे अर्थ तेव्हापासून दोन लावले जातात. एका बाजूला ती दडपलेल्या भाषेच्या वतीने घेतलेली उघड भूमिका मानली जाते, आणि त्या काळात असे करण्याची किंमत पाहता तिला हलके लेखता येत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की भूमिकाच घ्यायची होती तर ती निवड होताना घ्यायची; स्पॅनिश तबकडी काढल्याबद्दल आपल्याच वर्तुळातून जो दबाव आला त्याखाली त्यांनी ऐनवेळी माघार घेतली. प्रस्तुत लेखकाला दुसऱ्या म्हणण्यात तथ्य दिसते, पण त्याने पहिले म्हणणे खोडले जात नाही. दबावाखाली घेतलेली भूमिका पुढे निभावली तर ती आपलीच होते, आणि सेर्रात यांनी ती निभावली. सरकारी दूरचित्रवाणीचे दरवाजे त्यांना पुढची काही वर्षे बंद राहिले.

शब्दांचा घोळ इथेच लक्षात घ्यायला हवा. बाहेरचे ज्या भाषेला ‘स्पॅनिश’ म्हणतात तिला कातालोनियात ‘कास्तेया’, म्हणजे कास्तिया प्रांताची भाषा, म्हणण्याची रीत आहे, आणि १९७८च्या राज्यघटनेनेही ‘कास्तेयानो’ हाच शब्द वापरला आहे. कातालानही स्पेनचीच भाषा असल्याने ‘स्पॅनिश’ हे नाव एकट्या कास्तेयानोला देणे तिथे अनेकांना खटकते. फ्रान्को राजवटीने मात्र ‘साम्राज्याची भाषा बोला’ अशा घोषणा भिंतींवर लावल्या होत्या. त्यामुळे ‘स्पॅनिशला नकार’ हे शीर्षक राजवटीच्या सोयीचे होते: त्यातून भाषेला नव्हे तर देशालाच नकार दिल्याचा अर्थ काढता येत असे. सेर्रात यांनी कास्तेयानोला कधीच सोडचिठ्ठी दिली नाही, आणि याचा पुरावा पुढच्याच वर्षी आला.

१९६९ साली त्यांनी आंतोनियो माचादो यांच्या कवितांची तबकडी काढली. माचादो यादवी युद्धात हरलेल्या प्रजासत्ताकाच्या बाजूचे. १९३९मध्ये सरहद्द ओलांडून फ्रान्समधल्या कोल्यूर गावी पोहोचले आणि काही आठवड्यांत तिथेच वारले. वाटसरूला वाट नसते, चालण्यानेच ती तयार होते, ही त्यांची ओळ या तबकडीमुळे चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली असे आपण म्हटले असते. १९७२मध्ये मिगेल एर्नांदेस यांच्या कविता आल्या. घरी पाव आणि कांद्याखेरीज खायला काही नाही असे पत्नीचे पत्र तुरुंगात मिळाल्यावर लिहिलेली त्यांची अंगाई या तबकडीत आहे. १९४२ साली तुरुंगातच मरण पावलेल्या कवीचे शब्द त्याला कोंडणाऱ्या राजवटीच्या हयातीत घराघरांत वाजू लागले, आणि तेही राजवटीच्या आवडत्या भाषेत. या दोहोंच्या मध्ये, १९७१ साली, ‘मेदितेर्रानेओ’ (‘भूमध्य समुद्र’) ही त्यांची सर्वांत गाजलेली तबकडी येऊन गेली. तिच्याविषयी नव्याने सांगण्यासारखे फार उरलेले नाही.

सप्टेंबर १९७५मध्ये स्पेनमध्ये राजवटीने पाच जणांना गोळ्या घालून मृत्युदंड दिला. तेव्हा सेर्रात मेक्सिकोत होते आणि त्यांनी जाहीर निषेध केला. मायदेशी अटकेचा हुकूम निघाल्याने त्यांना जवळपास ११ महिने परतता आले नाही. त्या काळात त्यांनी आपल्या साथीदारांसह बसमधून मेक्सिको पालथा घातला. बसला त्यांनी ‘ला गोर्दिता’, म्हणजे ‘गुटगुटीत’, असे नाव ठेवले होते. ऑगस्ट १९७६मध्ये ते परतले, पण लॅटिन अमेरिकेशी जुळलेले नाते सुटले नाही. चिलीत १९८८ साली तिथल्या लष्करी हुकूमशाहीने त्यांना विमानतळाबाहेर पाऊल टाकू दिले नव्हते. हुकूमशाही सरल्यावर १९९० साली ते सान्तियागोच्या ज्या राष्ट्रीय मैदानावर गायले, तिथेच १९७३च्या लष्करी उठावानंतर कैदी डांबले गेले होते. त्या खंडात त्यांना ओळख मिळाली ती कास्तेयानो गाण्यांमुळे.

कातालोनियात मात्र जुना हिशेब मिटला नव्हता. २०१७मध्ये स्वातंत्र्यासाठीचे सार्वमत जाहीर झाले तेव्हा त्याची प्रक्रिया पारदर्शक नाही असे सेर्रात यांनी सांगितले. समाजमाध्यमांवर त्यांना ‘फॅसिस्ट’ ठरवण्यात आले. ज्या माणसावर फ्रान्कोच्या सरकारने बंदी घातली होती त्याला हे विशेषण लागावे, हे मतभेदाच्या पलीकडचे होते. २०१८च्या अखेरीस बार्सिलोनातल्या एका कार्यक्रमात प्रेक्षकांतून कोणीतरी त्यांना कातालानमध्ये गा असे ओरडून सुनावले. कार्यक्रम ‘मेदितेर्रानेओ’ या तबकडीचा होता आणि ती मुळातच कास्तेयानोत लिहिलेली आहे, असा खुलासा त्यांना आपल्याच शहरात, वयाच्या ७५व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, करावा लागला.

ऑक्टोबर २०२४मध्ये ओविएदो येथे पुरस्कार स्वीकारताना सेर्रात भाषणानंतर गायलेही. निरोपाचा दौरा संपून तेव्हा जेमतेम दोन वर्षे होत आली होती. निवडलेले गाणे १९७१च्या त्याच तबकडीतले होते.