गेम अडखळतोय तो प्रोसेसरमुळे, की ग्राफिक्स कार्डामुळे?

गेममध्ये फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) कमी पडू लागल्या की पहिला संशय प्रोसेसरवर जातो. कॉम्प्युटरचा मेंदू तोच, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. पण प्रोसेसर मागे पडणं वेगळं आणि ग्राफिक्स कार्ड मागे पडणं वेगळं. पडद्यावर दोन्हींचं लक्षण एकच दिसतं, म्हणून घोळ होतो आणि बरेच पैसे चुकीच्या जागी जातात.

प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर आधी ठरवतो की कोण कुठे उभं आहे, गोळी कुणाला लागली, भिंत पडली तर विटा कुठे उडतील. मग काय काय काढायचं ते तो कार्डाला सांगतो आणि कार्ड पिक्सेल रंगवतं. ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) हवे असतील तर दोघांनाही आपापलं काम फ्रेममागे १६.७ मिलिसेकंदांत उरकावं लागतं, १४४ हवे असतील तर ६.९ मध्ये. ज्याला उशीर होतो, त्याच्याच वेगाने गेम चालतो.

यातूनच सर्वांत भरवशाची चाचणी निघते. १०८०पी मध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, ४के मध्ये त्याच्या चौपट. रिझोल्यूशन वाढलं की कार्डाचं काम वाढतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. म्हणून व्हीसिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा, गेममधल्या एकाच जागी उभे राहा आणि रिझोल्यूशन खाली आणा. एफपीएस झपकन वाढले तर अडचण कार्डाची होती. जागचे हलले नाहीत, तर प्रोसेसरची बाजू तपासायला हवी. शहर वसवण्याच्या 'सिटीज: स्कायलाइन्स' या गेममध्ये शहर वाढत गेलं की नेमकं असंच होतं: ग्राफिक्स कितीही कमी करा, फरक फारसा पडत नाही.

टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा एकूण आकडा मात्र हमखास फसवतो. 'प्रोसेसर ४० टक्केच वापरला जातोय, म्हणजे तो मोकळा आहे' हा निष्कर्ष चुकीचा. गेमचं मुख्य काम बहुधा एकाच थ्रेडवर (प्रोसेसर एकाच वेळी चालवतो त्या कामाच्या रांगांपैकी एकीवर) अडतं, आणि सोळा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम सहा टक्के दिसतो. त्यापेक्षा कार्डाचा वापर बघा. तो सतत ९५ च्या वर असेल तर नवा प्रोसेसर घेऊन हाती काही लागणार नाही. डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी रिझोल्यूशनमध्ये काढलेलं चित्र मोठं करून दाखवणारी तंत्रं) चालू असेल तर एक ध्यानात ठेवा: ४के वर परफॉर्मन्स मोड लावला की कार्ड आतून १०८०पी मध्येच चित्र काढतं. कार्डाचा भार हलका होतो आणि प्रोसेसरची मर्यादा लवकर उघडी पडते.

दोष प्रोसेसरकडेच आला तरी खरेदीआधी बायोस (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्ज) उघडून रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे का ते पाहा. ते बंद असलं की ३२०० वेगाची डीडीआर४ रॅम बऱ्याचदा २१३३ वरच धावत राहते, आणि त्याची झळ थेट प्रोसेसरला बसते. रॅमची एकच पट्टी लावली असेल तर तीही अडचण आहेच.

त्यानंतर सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा. २०१७ च्या, एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या अनेक मदरबोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर बसतो. त्याच्या ९६ एमबी एल३ कॅशमुळे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) जुन्या मशीनवरही गेम स्पष्टपणे सुधारतात, आणि असा बदल मी बिनदिक्कत सुचवेन. सॉकेटच बदलणार असेल तर प्रोसेसरसोबत मदरबोर्ड आणि बहुतेकदा रॅमही घ्यावी लागते. तेव्हा तुलना एका प्रोसेसरची नसून अर्ध्या कॉम्प्युटरची असते.