ॲमेझॉन मुंगी आणि तिचे परजीवी जीवनचक्र

दुसऱ्या जातीच्या मुंग्यांच्या श्रमावर आपली वसाहत पोसणाऱ्या मुंग्यांना सामाजिक परजीवी मुंग्या म्हणतात. त्यांत सर्वाधिक अभ्यास झालेला गट म्हणजे पॉलिएर्गस या प्रजातीतल्या ॲमेझॉन मुंग्या. युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेत त्या आढळतात. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, पण कावळीला मारत नाही. ॲमेझॉन मुंगीची राणी मात्र आयत्या बिळावर नागोबा होते ती तिथल्या राणीचा जीव घेऊनच.

नर-मादीचे मीलन झाले की तरुण राणी फॉर्मिका प्रजातीतल्या मुंग्यांच्या वारुळात एकटी शिरते. कामकरी मुंग्या तिला चावतात, ओढतात. त्यांचा विरोध थोपवण्यासाठी ती पोटातल्या एका ग्रंथीतून स्राव सोडते आणि आतल्या राणीपर्यंत पोहोचते. मग ती त्या राणीला धरून वारंवार चावते आणि मधेमधे चाटत राहते. त्या चाटण्यातच सगळी मेख आहे. मुंग्या आपले-परके ओळखतात ते अंगावरच्या मेणचट थराच्या वासावरून, आणि मरणाऱ्या राणीचा वास या चाटण्यातून मारणारीच्या अंगाला लागतो. थोड्याच वेळात, मघाशी हल्ला करणाऱ्या कामकरी मुंग्या तिचे अंग साफ करू लागतात. अमेरिकी संशोधक हॉवर्ड टॉपॉफ यांनी ॲरिझोनातल्या मुंग्यांवर हे तपासले. राणी नसलेल्या वसाहतीत सोडलेल्या परजीवी राण्या मारल्या गेल्या. ज्यांना यजमान राणीला, म्हणजे त्या वारुळाच्या मूळ राणीला, मारायला मिळाले त्यांना वसाहतीने स्वीकारले.

आता अंडी नव्या राणीची आणि दाया जुन्या राणीच्या लेकी. अळ्या वाढतात, कोष फुटतात आणि ॲमेझॉन कामकरी मुंग्या बाहेर येतात. पण त्यांना घरातले एकही काम येत नाही. त्यांचे जबडे विळ्यासारखे वाकडे आणि टोकदार असतात: शत्रूचे डोके फोडायला, कोष उचलून न्यायला उत्तम, माती खणायला किंवा अळ्या सांभाळायला निरुपयोगी. यजमान मुंगीने तोंडात तोंड घालून भरवले तरच त्यांचे पोट भरते. इकडे यजमान राणी मेलेली असल्याने नव्या दाया जन्माला येत नाहीत आणि असलेल्या एकेक करून मरत जातात. पहिल्या दिवशी केलेल्या हत्येची भरपाई वसाहतीला पुढे दर उन्हाळ्यात करावी लागते, ती धाडी घालून.

स्विस निसर्ग-अभ्यासक पिएर ह्यूबर यांनी १७ जून १८०४ रोजी जिनिव्हाजवळ फिरताना दुपारी चार-पाचच्या सुमारास अशीच एक फौज रस्ता ओलांडताना पाहिली. (मधमाश्यांचे अंध अभ्यासक फ्रांस्वा ह्यूबर हे त्यांचे वडील.) टेहळणी करणारी मुंगी यजमान जातीचे वारूळ हेरून परत येते, आणि मग शेकडो मुंग्यांची दाट रांग, कधी शंभर मीटरहूनही दूर, तिकडे निघते. वारुळातल्या मुंग्या बहुधा पळ काढतात, जमतील तितक्या अळ्या तोंडात धरून. धाड घालणाऱ्या कोष उचलून परततात. त्यांतले काही खाल्ले जातात. उरलेल्यांतून बाहेर पडणारी मुंगी पहिला वास घेते तो या घराचा, आणि याच घराला आपले मानून खणू लागते, अळ्या सांभाळू लागते.

ह्यूबर यांनी तीस ॲमेझॉन मुंग्या अन्न, अळ्या आणि कोष यांच्यासह कोंडून ठेवल्या होत्या. समोर खाणे असूनही बऱ्याच उपाशी मेल्या. मग त्यांनी यजमान जातीची एकच मुंगी आत सोडली. तिने उरलेल्यांना भरवले, घर खणले, अळ्यांची व्यवस्था लावली. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली सहजप्रवृत्तीची चर्चा करताना हा प्रयोग आवर्जून सांगितला. अशा यजमान मुंग्यांना ‘गुलाम’ म्हणण्याची रीत जुनी आहे. तो माणसाच्या इतिहासातला शब्द आहे आणि इथे तो नेमका बसत नाही. यजमान मुंगी हाच शब्द बरा.

सगळ्याच परजीवी मुंग्या धाडी घालत नाहीत. लेसियस प्रजातीतल्या काहींना यजमानांची गरज सुरुवातीपुरतीच असते. पुढे त्यांच्या स्वतःच्या कामकरी मुंग्या घर चालवतात. याउलट, आल्प्समध्ये हाइनरिश कुटर यांना सापडलेल्या टेल्युटोमिर्मेक्स मुंगीत कामकरी मुंग्याच उरलेल्या नाहीत. तिची इवलीशी राणी यजमान राणीच्या पाठीला चिकटून राहते आणि तिला जिवंत ठेवते.

ॲरिझोनातल्या ॲमेझॉन मुंग्यांच्या पंख असलेल्या तरुण राण्या धाडीच्या रांगेतूनच निघतात, वाटेत गंध सोडून नरांना बोलावतात आणि तिथेच मीलन उरकतात. मग पंख टाकून, नुकत्याच लुटलेल्या वारुळात, गोंधळ निवायच्या आत शिरतात.