बहादुरीचे पदक आणि मोहिमेचे पदक : फरक कुठे पाहावा

सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगड जिल्ह्यांतल्या एखाद्या जुन्या घरात पत्र्याची ट्रंक उघडली जाते, कापडाच्या पुरचुंडीतून रुपयापेक्षा मोठी अशी चांदीची चकती बाहेर येते आणि घरातले वडीलधारे माणूस सांगते, “आमच्या पणजोबांना इंग्रज सरकारने दिलेले बहादुरीचे पदक.” चकतीच्या एका बाजूला पंचम जॉर्ज बादशहाचे शीर असते आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक नग्न स्वार, ज्याच्या घोड्याच्या टापांखाली गरुडाची ढाल आणि कवटी तुडवली जात आहे. हे ब्रिटिश वॉर मेडल होय. पणजोबा शूर नव्हते असे कोणीही म्हणू नये. परंतु हे पदक त्यांच्या शौर्याची दखल म्हणून दिलेले नाही. पहिल्या महायुद्धात ठरलेल्या अटींनुसार ज्यांनी सेवा केली त्या सर्वांना ते मिळाले आणि अशी सुमारे 65 लाख चांदीची पदके पाडली गेली.

पदके जमवणाऱ्याने अगदी सुरुवातीलाच समजून घ्यावा असा हा भेद आहे. शौर्यपदक एका माणसाला त्याने केलेल्या एका विशिष्ट कृत्यासाठी मिळते. त्यासाठी वरिष्ठांनी शिफारस करावी लागते, ती मंजूर व्हावी लागते आणि नाव राजपत्रात छापून यावे लागते. मोहीमपदक एका ठिकाणी, एका काळात हजर असणाऱ्या सर्वांना मिळते. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळाला, तो त्या दिवशी त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर केलेल्या चालीसाठी. त्याच मोहिमेत उतरलेल्या हजारो सैनिकांना इटली स्टार मिळाला. क्रॉस त्या माणसाने काय केले ते सांगतो. स्टार तो माणूस कुठे होता एवढेच सांगतो.

गोंधळ होतो तो मुख्यतः धातूमुळे. चांदी म्हणजे मोठा मान आणि पितळेसारखी दिसणारी वस्तू म्हणजे किरकोळ, असे आपण नकळत धरून चालतो, आणि पदकांच्या बाबतीत हा अंदाज पार चुकतो. व्हिक्टोरिया क्रॉस कांस्याचा असतो. आपले परमवीर चक्रही कांस्याचेच आहे. सावित्रीबाई खानोलकरांनी त्याची रचना केली, मधोमध राजमुद्रा आणि भोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती, आणि वर साधी जांभळी फीत. उलट लक्षावधी सैनिकांना वाटलेले ब्रिटिश वॉर मेडल मात्र अस्सल चांदीचे. त्याच पदकाची कांस्यातली आवृत्ती मजूर पलटणींतल्या माणसांना दिली गेली. ती संख्येने फार कमी असल्यामुळे आज तिला संग्राहक अधिक किंमत देतात, पण घरचे लोक तिला “नकली” समजून अडगळीत टाकतात. चांदीचे भाव चढले की चांदीची पदके आटवली जातात, हे दुःख वेगळेच.

म्हणून मोहीमपदक हाती आले की मी चित्र नंतर पाहतो, आधी कड वाचतो. चकती उभी धरून खिडकीच्या तिरप्या उजेडात हळूहळू फिरवावी, म्हणजे जाडीवर ठोकलेली बारीक रोमन अक्षरे दिसू लागतात : शिपाई क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण. माझ्याकडच्या एका पदकावर कडेचा वरचा भाग इतका गुळगुळीत झाला आहे की हुद्द्याची फक्त दोन अक्षरे उरली आहेत, आणि त्याच जागी डाग दिल्याचा (सोल्डरचा) ठिपका आहे. म्हणजे कोणीतरी त्याला कडी जोडून ते वर्षानुवर्षे गळ्यात घातले होते. नाव मात्र शाबूत आहे, जसे एखाद्या इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले, आणि पुढे 117 मराठा ही पलटण. एवढ्यावरून पुढचा मार्ग खुला होतो. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेल्या आणि 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत तिथल्या कुत या गावाच्या वेढ्यात अडकल्या. ज्याच्या पदकावर यांपैकी एक क्रमांक आहे तो माणूस वेढ्यात होता असे लगेच म्हणता येत नाही, कारण भरती पुढेही चालू राहिली. पण शोध कुठे घ्यायचा हे नक्की कळते. मोहीमपदकाचे खरे मोल कडेवरच्या त्या एका ओळीत आहे. ती ओळ तासून टाकलेले पदक म्हणजे निव्वळ चांदी उरते.

शौर्यपदकाची रीत वेगळी आहे. तेथे धातूपेक्षा कागद मोठा. 1907 साली सुरू झालेले इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल हे हिंदी सैनिकांसाठीचे चांदीचे शौर्यपदक. पुढच्या बाजूला तसाच बादशहा, मागे लॉरेलच्या पानांच्या वेढ्यात ‘फॉर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस’ ही अक्षरे, आणि गडद निळ्या फितीच्या मध्ये किरमिजी पट्टा. आकाराने आणि धातूने ते ब्रिटिश वॉर मेडलच्या इतके जवळ आहे की फीत हरवलेली असली आणि मागची बाजू पाहिली नाही, तर नवखा माणूस हमखास फसतो. याच सारखेपणाचा फायदा घेऊन कडेवरचे मूळ नाव घासून तेथे दुसरे कोरण्याचे प्रकार होतात. घासलेल्या चकतीचा व्यास किंचित घटतो, म्हणून 36 मिलिमीटरचे पदक व्हर्नियरने (बारीक माप घेण्याच्या साधनाने) निरनिराळ्या ठिकाणी मोजून पाहावे. मात्र अंतिम पुरावा राजपत्रातली नोंदच. कडेवर नाव आहे आणि राजपत्रात ते नाव सापडत नाही, तर विकणारा कितीही मोठी कथा सांगो, थांबावे. आपल्या सेना मेडलच्या बाबतीत तर कागदावाचून गत्यंतर नाही, कारण तेच पदक शौर्यासाठीही मिळते आणि विशिष्ट सेवेसाठीही.

फितीवर बसवलेली धातूची पट्टीही अशीच दोन अर्थांची असते. शौर्यपदकावरची पट्टी म्हणजे तोच सन्मान त्याच माणसाने पुन्हा मिळवला. मोहीमपदकावरची पट्टी म्हणजे ठिकाणाचे किंवा लढाईचे नाव. 1908 च्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलवर, ज्याच्या मागे खैबर खिंडीच्या तोंडाशी असलेला जमरूदचा किल्ला कोरला आहे, अशा बारा निरनिराळ्या पट्ट्या दिल्या गेल्या : अबोर, वझिरीस्तान, मलबार, मोहमंद वगैरे. तीन पट्ट्यांचे असे पदक पाहून “तीनदा बहादुरी गाजवली” असे सांगणारे लोक मला भेटले आहेत. तो माणूस तीन मोहिमांत होता, आणि सरहद्दीवरच्या तीन मोहिमांतून परत येणे हे मी लहान मानत नाही.

एका ठिकाणी या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, आणि ते ठिकाण फार सहज नजरेतून सुटते. पहिल्या महायुद्धाच्या व्हिक्टरी मेडलच्या इंद्रधनुषी फितीवर कधी कधी ओकच्या पानांची छोटी कांस्याची डहाळी टाचलेली असते. पदक मोहिमेचे, सर्वांना मिळालेले. पण ती डहाळी सांगते की सेनापतीने सरकारला पाठवलेल्या खलित्यात या माणसाचे नाव घेतले होते. फीत जुनी, मळकी दिसते म्हणून नवी लावणारा माणूस नेमकी तीच डहाळी जुन्या फितीबरोबर केराच्या टोपलीत टाकतो.

स्वतंत्र भारताची पदकेही याच दोन वाटांनी जातात. परमवीर, महावीर आणि वीर चक्र यांची स्थापना 26 जानेवारी 1950 रोजी झाली आणि ती 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरली गेली, ही शौर्याची. 1965 चा समर सेवा स्टार, 1971 चे पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही मोहिमेची. ताऱ्याचा आकार पाहून शौर्याचा समज होतो, पण या नावांत ‘स्टार’ हा शब्द लढाईच्या क्षेत्रातली हजेरी दाखवतो.

विकत घेताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तूत मोडते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदके आता त्या वयाला पोहोचली आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारात एखादे पदक दिसले, तर विक्रेत्याला आधी विचारावे की ते कोणत्या गावातून आले आणि त्याच्याबरोबर आणखी काय होते. दोन-तीन पदके एकाच माणसाची असली तर ती एकत्रच घ्यावीत, जुनी फीत काढू नये, ब्रासोने घासू नये, आणि विक्रेता जे गावाचे नाव सांगेल ते त्याच दिवशी, तारखेसह, चिठ्ठीवर लिहून पदकाच्या डबीत ठेवावे.