गोपनीय सरकारी माहिती आणि अधिकाऱ्यांची जबाबदारी (भारत)

सरकारची गोपनीय माहिती ज्याच्या ताब्यात असते त्यानं ती भलत्याला दाखवली, विकली, घरी नेऊन ठेवली किंवा नुसती निष्काळजीपणानं हरवली, तर त्याला जाब विचारायची भारतातली व्यवस्था मुख्यतः शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ या कायद्यावर उभी आहे, बोलताना सगळे त्याला ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टच म्हणतात. कायदा इंग्रजांचा. आधी १८८९ चा एक होता, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झननं १९०४ मध्ये तो कडक केला, मग १९२३ चा आला. १९६७ मध्ये दुरुस्ती झाली पण सांगाडा तोच राहिला.

हेरगिरीसाठी कलम ३ आहे, प्रकरण संरक्षणाशी संबंधित असेल तर १४ वर्षांपर्यंत कैद. पण अधिकाऱ्यांच्या जबाबदारीचा खरा विषय कलम ५ मध्ये येतो. पदामुळे हातात आलेली गुप्त माहिती अनधिकृत माणसाला दिली, हक्क नसताना कागद स्वतःजवळ ठेवला, किंवा त्याची वाजवी काळजी घेतली नाही तरी गुन्हा होतो, पैसे घेतले होते का, माहिती शत्रूकडे गेली का हे सिद्ध करायची गरज नाही. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि अशी माहिती जाणूनबुजून घेणारासुद्धा याच कलमात अडकतो, मग तो सरकारी नोकर नसला तरी.

आता अडचण कुठे आहे बघा. 'गुपित' म्हणजे नेमकं काय याची व्याख्या या कायद्यात कुठेच नाही. कागदावर शिक्का मारतं ते खातंच, आणि कलम १३ प्रमाणे सरकारच्या हुकमानं किंवा सरकारनं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानं तक्रार केल्याशिवाय कोर्ट केस हातात घेऊ शकत नाही. म्हणजे गुपित ठरवणार सरकार, ते फुटलं की कोणावर केस करायची आणि कोणावर नाही तेही ठरवणार सरकारच, आणि माझ्या मते सगळा घोळ इथूनच सुरू होतो, कारण फाईल वरच्या खुर्चीतून फुटली असेल तर तक्रार करणार कोण?

ऑफिसातली रीत तशी काटेकोर आहे. गुप्त पत्र दोन पाकिटांत जातं, आतल्यावर शिक्का आणि सील, बाहेरचं साधं, त्यावर फक्त पत्ता, म्हणजे टपाल हाताळणाऱ्याला आत काय आहे ते कळू नये. नोंद वेगळ्या रजिस्टरला, पोच घ्यायची, कपाटाची किल्ली कोणाकडे ते ठरलेलं. पण हे सगळं माणसांवर चालतं आणि माणूस फितला की लाखेचं सील काय करणार.

त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे जानेवारी १९८५ मध्ये उघडकीला आलेलं कुमार नारायण प्रकरण. नारायण हा एका खासगी कंपनीचा दिल्लीतला माणूस. पंतप्रधान कार्यालय आणि संरक्षण खात्यासारख्या ठिकाणचे स्वीय सहाय्यक, स्टेनो असे लोक त्याला फायली आणून द्यायचे, त्यांच्या झेरॉक्स निघायच्या आणि मूळ फाईल परत जागेवर, त्यामुळे कपाटातून काहीच गेलेलं दिसायचं नाही. बदल्यात थोडे पैसे, दारूची बाटली. प्रती परदेशी वकिलातींकडे जात होत्या, फ्रान्सला तर आपला राजदूत परत बोलवावा लागला. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांच्या ऑफिसातलेच लोक अटकेत गेले तेव्हा अलेक्झांडर यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला, त्यांच्यावर स्वतःवर फाईल दिल्याचा आरोप नव्हता तरी. हेच अलेक्झांडर पुढे १९९३ ते २००२ महाराष्ट्राचे राज्यपाल होते. कोर्टाचा निकाल यायला २००२ उजाडलं, तोवर नारायण वारला होता. १७ वर्षं! वरच्या माणसानं खुर्ची सोडल्याचं असं दुसरं उदाहरण आपल्याकडे शोधावं लागतं.

कोर्टाशिवाय दुसरा रस्ता खात्याचा. केंद्राच्या वर्तणूक नियम १९६४ मधला नियम ११ आणि महाराष्ट्राचे १९७९ चे वर्तणूक नियम, यांत परवानगीशिवाय सरकारी माहिती देता येत नाही, त्यावर विभागीय चौकशी, निलंबन, बडतर्फी होऊ शकते. सैन्यदलात तर आणखी झटपट होतं, नौदलाच्या वॉर रूममधून पेन ड्राइव्हवर माहिती बाहेर गेली तेव्हा २००५ मध्ये तीन अधिकाऱ्यांना खटल्याआधीच घरी पाठवलं. उलट इस्लामाबादच्या आपल्या उच्चायोगातल्या एका द्वितीय सचिवांना एप्रिल २०१० मध्ये अटक झाली आणि शिक्षा लागली मे २०१८ मध्ये, ३ वर्षं. पुण्यातही मे २०२३ मध्ये दिघीच्या डीआरडीओ (संरक्षण संशोधन संस्था) प्रयोगशाळेच्या संचालकांना एटीएसनं, म्हणजे दहशतवादविरोधी पथकानं पकडलं, पाकिस्तानी हस्तकाला व्हॉट्सॲपवरून माहिती दिल्याच्या आरोपाखाली.

पण ह्या कायद्याचा फटका ज्यांना बसायला नको त्यांनाही जबर बसलाय. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या आरोपाखाली नोव्हेंबर १९९४ मध्ये पकडलं, सीबीआयनं नंतर प्रकरण खोटं ठरवलं, आणि सुप्रीम कोर्टानं ५० लाख भरपाई द्यायला सांगितलं ते सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे माणसाची उमेद त्यात गेली. पत्रकार इफ्तिखार गिलानी २००२ मध्ये सात महिने आत होते, कॉम्प्युटरमधल्या ज्या माहितीसाठी पकडलं ती आधीच छापून आलेली होती.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्यानं थोडा फरक पडला. त्याच्या कलम ८(२) प्रमाणे जनहित मोठं असेल तर गुपिते कायदा आड येत नाही. २००६ मध्ये वीरप्पा मोईली यांच्या प्रशासकीय सुधारणा आयोगानं तर हा कायदा रद्दच करा असं सुचवलं, सरकारनं ते मानलं नाही. राफेल विमान खरेदीच्या वादात एप्रिल २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पेपरात छापून आलेली गोपनीय कागदपत्रं बघायला हरकत नाही असं सांगितलं.

आणि आपल्या वर्ध्याचं प्रकरण. शेजाऱ्याशी वाद झाला म्हणून ठाण्यात गेलेल्या माणसानं तिथलं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं तर पोलिसांनी त्याच्यावर ह्याच कायद्याखाली गुन्हा लावला. २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं तो रद्द केला, कायद्यातल्या 'निषिद्ध ठिकाणा'च्या व्याख्येत पोलीस स्टेशन येतच नाही असं सांगून.