कॉईलवर बर्फ धरलाय: गॅस कमी की हवा कमी?

ब्रेकडाउन स्लिपवर लिहिलेलं असतं: ‘कूलिंग नाही, छतातून पाणी टपकतंय.’ डक्टेबल युनिटचं, म्हणजे डक्टमधून हवा देणाऱ्या मोठ्या एसीचं, पॅनल उघडावं तर हवा गार करणाऱ्या कॉईलवर पांढरा बर्फ. गेज लावला की सक्शन, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या गॅसचं प्रेशर, ५० पीएसआयच्या आसपास. वाळूज असो, चिकलठाणा असो की जालन्याची एमआयडीसी, पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘गॅस कमी झालाय, सिलेंडर आणा.’ बऱ्याच वेळा तिथे सिलेंडरचं काही काम नसतं. कॉईलवरून जायला हवी तेवढी हवाच जात नसते.

या दोन बिघाडांची गल्लत होते कारण सक्शन गेजचा काटा दोन्हीकडे खालीच जातो. तो काटा दाखवतो कॉईलमधला गॅस किती तापमानाला उकळतोय ते. आर-२२ या गॅससाठी ६८ ते ७० पीएसआय म्हणजे साधारण ४ ते ५ अंश सेल्सिअस, आणि ५७-५८ पीएसआय म्हणजे शून्य. आर-४१०ए मध्ये हेच आकडे अनुक्रमे ११८ आणि १०१-१०२ च्या जवळ येतात. काटा शून्याच्या रेघेखाली गेला की फिन्सवरचं दव गोठायला लागतं. गॅस कमी असेल तर कॉईलला पुरेसा द्रव मिळत नाही, म्हणून प्रेशर पडतं. हवा कमी असेल तर द्रव भरपूर असतो, पण त्याला उकळायला लागणारी उष्णता मिळत नाही. कॉम्प्रेसर मात्र ओढतच राहतो, म्हणून तिथेही प्रेशर पडतं. कॉम्प्रेसरचे अँपिअर दोन्हीकडे उतरतात आणि डिस्चार्ज (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं) प्रेशर दोन्हीकडे थोडं खाली येतं. म्हणजे गेज आणि क्लॅम्प मीटर एवढ्यावर निदान करणारा माणूस निम्म्या वेळा नुसता अंदाज करत असतो.

बर्फ असताना घेतलेलं कुठलंही रीडिंग कामाचं नाही. बर्फ स्वतःच हवेची वाट अडवतो, त्यामुळे गॅस कमी असलेलं मशीनसुद्धा तासाभरात हवा कमी असल्यासारखं वागू लागतं. म्हणून आधी कॉम्प्रेसर बंद करून ब्लोअर चालू ठेवायचा आणि सगळा बर्फ वितळू द्यायचा. कॉईल जाड असेल तर एक-दोन तास सहज जातात. प्रॉडक्शनवाले घाई करतात, पण स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडायला गेलं की फिन्स तरी वाकतात नाहीतर ट्यूबला भोक पडतं, आणि मग खरोखरच गॅस कमी होतो. ड्रेन ट्रे आणि पाइप मोकळा आहे का तेही याच वेळी बघून घ्यावं. वितळलेलं पाणी कुठेतरी जाणारच.

बर्फ गेल्यावर मशीन १५-२० मिनिटं चालवून सक्शन पाइपचं तापमान घ्यायचं. क्लॅम्पवाला थर्मोकपल पाइपच्या स्वच्छ पुसलेल्या भागावर, कॉईलच्या तोंडाशी लावून वरून इन्सुलेशन टेप गुंडाळावा. उघडा ठेवला तर आजूबाजूची हवा दोन-तीन अंशांनी फसवते. पाइपच्या तापमानातून गेजवरचं उकळण्याचं तापमान वजा केलं की सुपरहीट मिळतं. समजा आर-२२ चं सर्किट ४५ पीएसआय दाखवतंय, म्हणजे उणे साडेपाच अंशांच्या आसपास, आणि पाइप १४ अंशांवर आहे. सुपरहीट झालं जवळपास २०. द्रव कॉईलच्या सुरुवातीलाच संपतोय आणि पुढच्या ट्यूबमध्ये नुसती वाफ तापत चालली आहे. हे गॅस कमी असल्याचं लक्षण. आता दुसरं सर्किट घ्या: सक्शन ५० पीएसआय, म्हणजे उणे ३, आणि पाइप उणे १ वर. सुपरहीट फक्त २. द्रव कॉईलच्या टोकापर्यंत न उकळता पोचतोय. इथे गॅस टाकणं म्हणजे आगीत तेल ओतणं. निरोगी मशीनमध्ये हा आकडा ५ ते ८ च्या दरम्यान असतो.

यात एक खाचखळगा आहे. वर दिलेली दरी कॅपिलरी किंवा फिक्स्ड ओरिफिसच्या (द्रवाची वाट कायम एकाच मापाची असलेल्या) मशीनमध्ये स्पष्ट दिसते. एक्सपान्शन व्हॉल्व्ह (द्रव लागेल तसा कमी-जास्त सोडणारा) असेल तर तो हवा कमी असतानाही सुपरहीट ५ च्या आसपास धरून ठेवायचा प्रयत्न करतो. पण गॅस कमी असेल तर तोही हतबल होतो आणि आकडा चढतोच. म्हणून व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये प्रश्न असा विचारावा: सुपरहीट जास्त आहे का? नसेल तर सिलेंडर स्टोअरमध्येच राहू द्या. जोडीला लिक्विड लाइनचं सबकूलिंग बघावं, म्हणजे कंडेन्सरमधून आलेला द्रव कंडेन्सिंगच्या तापमानापेक्षा किती अंश गार आहे ते. गॅस कमी असेल तर ते शून्य-दोनवर येतं आणि साइट ग्लासमध्ये (लाइनवरच्या काचेच्या खिडकीत) बुडबुडे दिसतात. हवा कमी असेल तर ते नेहमीसारखं किंवा किंचित जास्त असतं.

हातालाही बरंच कळतं. गॅस कमी असलेल्या मशीनचा बर्फ डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे द्रव कॉईलमध्ये शिरतो त्या बाजूने सुरू होतो आणि कॉईलचा उरलेला भाग कोरडा, जवळपास खोलीच्या तापमानाचा राहतो. सक्शन पाइप गार लागत नाही. कॉम्प्रेसरचं कवच मात्र हात ठेववणार नाही इतकं तापतं, कारण परत येणाऱ्या गार वाफेनेच मोटर थंड होत असते आणि ती वाफच कमी झालेली असते. असं मशीन ओव्हरलोडवर बंद पडतं, अर्ध्या-एक तासाने आपोआप सुरू होतं, पुन्हा बंद पडतं. हवा कमी असेल तर सगळं उलटं. बर्फ कॉईलभर सारखा पसरतो, सक्शन पाइप कॉम्प्रेसरपर्यंत घामेजतो किंवा पांढरा पडतो आणि कॉम्प्रेसरचं बूड गार लागतं. ते गार बूड चांगलं लक्षण नव्हे. द्रव परत येऊन तेलात मिसळतोय, तेल पातळ होतंय आणि बेअरिंग झिजतायत.

डक्टमधून येणाऱ्या आणि रिटर्नच्या (हॉलमधून मशीनकडे परत जाणाऱ्या) हवेच्या तापमानातला फरकही विरुद्ध दिशांना जातो. हवा कमी असली तर जी थोडी हवा येते ती अगदी गार असते, फरक १४-१५ अंशांपर्यंत जातो, पण हॉल थंड होत नाही. गॅस कमी असला तर हवा भरपूर येते आणि फरक ४-५ वर घसरतो. मात्र या फरकाचा एकच आकडा भिंतीवर चिकटवून वर्षभर चालवता येत नाही, निदान मराठवाड्यात तरी नाही. एप्रिलमध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की कॉईलला पाणी काढायचं काम जवळपास नसतंच. सगळी ताकद तापमान उतरवण्यात जाते आणि फरक १२-१३ येतो. सप्टेंबरच्या दमट दिवसांत तेच मशीन, तेवढीच हवा, तेवढाच गॅस, आणि फरक ८-९. कोरड्या हवेत कॉईलवर एकूण भार कमी पडतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुरुवातीला सक्शनही दोन-चार पीएसआय खाली दिसतं. मार्च-एप्रिलमध्ये ‘जरा टॉप-अप करून घेऊ’ म्हणायचा मोह होतो तो इथेच.

हवा किती हवी त्याचा ढोबळ हिशेब टनाला ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट). ११ टनाच्या डक्टेबलला ४,४०० सीएफएम. रिटर्न फिल्टरच्या तोंडावर ॲनिमोमीटर नऊ-बारा ठिकाणी धरून सरासरी वेग काढावा आणि क्षेत्रफळाने गुणावं: पावणेनऊ-नऊ चौरस फुटांचं तोंड असेल तर वेग मिनिटाला ५०० फुटांच्या जवळ यायला हवा. ३०० येत असेल तर गेजकडे बघण्याआधीच उत्तर मिळालं.

मग हवा अडली कुठे? पहिला संशयित फिल्टर. जालना-परभणीच्या पट्ट्यात जिनिंगच्या हंगामात कापसाचा बारीक तंतू फ्रेश एअर लूव्हरवर (बाहेरची हवा घेणाऱ्या झडपांवर) नमद्यासारखा बसतो. वाळूजला फाउंड्री आणि पावडर कोटिंगची धूळ, लातूरला डाळ मिलचा भुसा. महिन्याला एकदा फिल्टर धुणं हे वेळापत्रक हेड ऑफिसने साऱ्या शाखांसाठी एकच छापलेलं असतं. इथे हंगामात पंधरा दिवसही पुरत नाहीत. बोअरच्या जड पाण्याने धुतलेली जाळी वाळल्यावर क्षाराने पांढरी होते, डोळ्यांना स्वच्छ दिसते आणि हवा मात्र अडवते. फिल्टरच्या दोन बाजूंना मॅनोमीटर लावणं हा एकच भरवशाचा उपाय. नव्या प्री-फिल्टरचा प्रेशर ड्रॉप ५० पास्कलच्या आसपास असतो. २५० ला पोचण्याआधी तो बदललेला बरा.

फिल्टर साफ असूनही हवा कमी असेल तर लॉकआउट टॅगआउट करून, म्हणजे वीज तोडून, पाटी अडकवून आणि स्वतःचं कुलूप लावूनच ब्लोअरचं दार उघडावं. बेल्टचा ताण बघायचा: दोन पुलींमधलं अंतर एक मीटर असेल तर मधोमध बेताच्या जोराने दाबल्यावर सुमारे १६ मिलिमीटर दबायला हवा. बेल्ट पुलीच्या खाचेत तळाला टेकून चकाकत असेल तर पुली झिजली आहे, ताण वाढवून उपयोग नाही. ब्लोअरच्या पात्यांच्या पोकळीत चिकटलेली धूळ बॅटरीशिवाय दिसत नाही आणि हवा मात्र बरीच खाते. फायर डॅम्पर (आगीच्या वेळी डक्ट बंद करणारी झडप) टेस्टनंतर अर्धवट मिटलेला राहिला आहे का तेही पाहावं.

सगळ्यात जास्त चकवणारा बिघाड म्हणजे उलटा फिरणारा ब्लोअर. मोटर रिवाइंड होऊन आली, जोडताना दोन फेज बदलल्या गेल्या, की सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरतो. तो हवा उलट दिशेने ओढत नाही. त्याच दिशेने ढकलतो, फक्त खूप कमी. आवाज नेहमीसारखा, कागद ग्रिलला चिकटतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. पुलीची दिशा कवचावरच्या बाणाशी ताडून बघायला अर्धा मिनिट लागतो.

ब्लोअर मोटरच्या अँपिअरबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. फिल्टर चोक झाला की मोटरवर लोड वाढतो असं समजतात. नेहमीच्या फॉरवर्ड कर्व्ह (पुढे वळलेल्या पात्यांच्या) ब्लोअरमध्ये हवा घटली की काम घटतं आणि अँपिअर उतरतात. नेमप्लेट ६ अँपिअर, नोंदवहीत कायम ५.४, आणि आज ४.१ येत असतील, तर तो हवा कमी असल्याचा पुरावाच आहे.

आता समजा हवा कमी होती आणि तरीही किलोभर गॅस टाकला. काटा थोडा वर येतो, बर्फ काही दिवस लांबतो, स्लिप बंद होते. एप्रिलअखेर कोणीतरी फिल्टर नीट धुतो, हवा पूर्ववत होते आणि जास्तीचा गॅस अंगावर येतो. बाहेर ४३ अंश, कंडेन्सिंग (गॅसचा पुन्हा द्रव होण्याचं तापमान) ५८ ते ६०, म्हणजे आर-२२ ला योग्य चार्ज असतानाच डिस्चार्ज ३२० ते ३३५ पीएसआय. त्यावर हा जादा किलो. दुपारी दोनला हाय प्रेशरवर ट्रिप, तीनला पुन्हा. तेव्हा सगळे कंडेन्सर धूत बसतात आणि मार्चमधल्या टॉप-अपची कोणाला आठवण नसते.

सुपरहीटने गॅस कमी असल्याचंच सांगितलं, तर गॅस झिजत नाही आणि संपत नाही, तो गळतो. तेलाचा डाग शोधावा: फ्लेअर नट, सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन, यू-बेंड, थरथरून एकमेकांना घासणाऱ्या कॅपिलरी. उरलेला गॅस रिकव्हरी सिलेंडरमध्ये काढून सर्किटमध्ये कोरडा नायट्रोजन भरायचा, नेमप्लेटवरच्या टेस्ट प्रेशरच्या आत राहून. ऑक्सिजन कधीही नाही. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. साबणाच्या पाण्याने जोड तपासून रात्रभर ठेवावं आणि सकाळी तापमानाचा हिशेब धरावा. दुपारी ४० अंशांना ३०० पीएसआय भरलेलं सर्किट पहाटे २५ अंशांना २८५ दाखवेल, आणि त्यात गळती शून्य असेल. ब्रेझिंग करताना आतून नायट्रोजनची मंद धार चालू ठेवली नाही तर काळी खपली सुटून ड्रायरमध्ये (ओल आणि कचरा अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) जाऊन बसते. जुना ड्रायर बदलूनच व्हॅक्यूम लावावा, ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे इथे व्हॅक्यूम मोजायचं एकक). पंप बंद केल्यावर आकडा थोडा चढून थांबला तर आत ओल आहे, चढतच राहिला तर गळती शिल्लक आहे. गॅस भरायचा तो वजनकाट्यावर; आर-४१०ए नेहमी द्रवरूपात.

सुपरहीट जास्त, पण सबकूलिंगही भरपूर, असं दिसलं तर दोन्हीपैकी काहीच नाही: ड्रायर किंवा व्हॉल्व्ह चोक आहे. ड्रायरच्या दोन टोकांमध्ये हाताला जाणवेल इतका गारव्याचा फरक असेल तर तिथेच अडलंय. आणि चोवीस तास चालणाऱ्या कंट्रोल रूमचं मशीन फक्त डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बर्फ धरत असेल, तर परभणीकडची थंडी लक्षात घ्यावी. बाहेर ८-१० अंश असताना कंडेन्सरचं प्रेशर इतकं पडतं की व्हॉल्व्हमधून द्रव पुरेसा ढकललाच जात नाही. तिथे कंडेन्सर फॅनला प्रेशर स्विच किंवा स्पीड कंट्रोलर लागतो.

मोठ्या कंपनीत गॅसचं बिल एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार) किलोवर लावतो आणि सही मेंटेनन्सच्या माणसाची असते. स्लिपवर नुसतं ‘गॅस भरला’ असेल तर सही करू नये. सक्शन, पाइपचं तापमान, सुपरहीट, सबकूलिंग, ब्लोअरचे अँपिअर, फिल्टरचा प्रेशर ड्रॉप, रिटर्न आणि सप्लायचं तापमान, बाहेरचं तापमान, गळती सापडलेली जागा आणि सिलेंडरचं आधीचं व नंतरचं वजन, एवढं मागून घ्यावं. गळतीची जागा रिकामी सोडून वजन लिहिलेलं असेल, तर स्लिप परत पाठवावी.